आत्या आणि माझं पोट

त्या दिवशी सकाळी सात वाजता मोबाईलवर ‘इंदूआत्या’ असं नाव आलं आणि मी फोन कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. गणपती तोंडावर आलेले, कारखान्यात पाय ठेवायला जागा नाही, आणि या बाईला माझ्या पोटाची चौकशी करायची असणार! तिसऱ्यांदा उचलला तो वैतागूनच. “झालं गं साफ, ठेव आता!” असं मी ओरडलो. पलीकडे तिची शेजारीण होती. “दिनेशदादा, बाई गेल्या ओ... झोपेतच.” आत्या गेल्याच्या बातमीला माझं पहिलं उत्तर हे असं. याचा राग कुणावर काढायचा ते मला अजून कळलेलं नाही.

इंदूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. धरमतर खाडीच्या गावांत तिनं सगळी नोकरी नर्स म्हणून काढली आणि निवृत्तीनंतर रोह्याच्या पुलापलीकडे, अष्टमी गावात दोन खोल्यांत एकटी राहिली. तिच्याविषयी चार चांगले शब्द लिहायला बसलो तर आधी वैतागच आठवतो. रोज सकाळी तिचा फोन, आणि सीझनमध्ये माझ्या जेवणाचे हाल होतात म्हणून दुपारी आणखी एक. पहिलाच प्रश्न, “पोट साफ झालं का रे?” मी पन्नाशीचा माणूस, पेणला माझा मूर्तींचा कारखाना, समोर गिऱ्हाईक, हात रंगात म्हणून फोन स्पीकरवर! एका मंडळाची माणसं तर मूर्ती ठरवायची सोडून हसत बसली होती. आयुष्यभर मी दिमाखदार पोटाच्या मूर्ती घडवल्या, पण चर्चा कायम माझ्याच पोटाची.

या चौकशीमागचं कारण तिनंच मला शंभरदा ऐकवलं होतं. मी जन्मलो तेव्हा ती नुकतीच नर्सिंग शिकून आली होती. डब्यातल्या दुधाचं तेव्हा भारी कौतुक. गुटगुटीत बाळाचं चित्र असलेला डबा तिनं हौसेनं आणला आणि माझ्या आईला सांगितलं, “वहिनी, अंगावरचं पातळ असतं, हे पाज.” शिकलेली नणंद सांगतेय म्हटल्यावर आईनं ऐकलं. पहिला पिवळा चीक तर आजीनं आधीच पिळून टाकायला लावला होता. मग बाटली, बाटलीचं बूच, विहिरीचं पाणी... महिनाभरात आईचं दूध आटलं आणि मला जुलाब लागले ते थांबेचनात. वर्षाचा झालो तरी धड बसत नव्हतो म्हणे. उंचीही बेताचीच राहिली. यातलं मला काही आठवत नाही, पण आत्या विसरू देईल तर शपथ.

पुढं खाडीकाठच्या गावांत तिनं माझंच भांडवल केलं. शाळेच्या सुट्टीत मला सोबत न्यायची ती हौसेमौजेसाठी नव्हे, नमुना म्हणून. लसीच्या दिवशी बायकांसमोर उभं करायची. “हा माझा भाचा. ह्याचं वाटोळं मी केलंय, बघून ठेवा.” बायका पदर तोंडाला लावून हसायच्या आणि मला जमीन दुभंगावी असं वाटायचं. मग तिचा सूर चढायचा. “म्हशीचा चीक आला की खरवस करून चार घरी वाटता, आणि आपला चीक मोरीत पिळता? पोराचं आतडं कच्चं असतं गो, त्याला पहिलं तेच लागतं. सहा महिने अंगावरचंच, वरचं पाणीसुद्धा नाय.” मिठागरावरच्या बायका दुपारी घरी आल्या की उन्हानं दूध तापलं म्हणून पिळून टाकायच्या आणि तान्ह्या पोराला पेज द्यायच्या. आत्या त्यांच्या दारात ठाण मांडायची. “तापलीस तू, दूध नाय तापलं. पाणी पी, सावलीला बस आणि घे त्याला.” सासवा शिव्या घालायच्या, ही हलायची नाही. खरंच दूध येत नसलेल्या बाईला मात्र तिनं कधी दुखवलं नाही. तिला स्वतः दवाखान्यात न्यायची, वाटी-चमच्यानं पाजायला शिकवायची.

माझ्या पोटदुखीवर डॉक्टर म्हणतात, वेळेवर जेवा आणि चहा कमी करा. हे आत्याला सांगितलं तर म्हणाली, “डॉक्टरला काय म्हाईत? तो व्हता काय तिथं?” आता या बाईशी बोलायचं तरी काय!

मे महिन्यात मी तिच्याकडे आंबे घेऊन गेलो होतो. माझ्यासाठी मऊ भात रांधलेला, अर्थात. जेवता जेवता म्हणाली, “दिन्या, तू मला कधी बोलला नाहीस. एकदा तरी रागाव रे.”

“कशाबद्दल?”

“तुला म्हाईत हाय.”

मी हात धुऊन उठलो. “पुरे झालं, आत्या. मला काही झालेलं नाही. उगाच डोकं खाऊ नकोस.” गाडीची वेळ झाली होती. ती नुसतं “बरं” म्हणाली... मला वाटलं, मी समजूतदारपणा केला. आता कळतं, जी चूक निस्तरायला ती जन्मभर उन्हातान्हात हिंडली, त्या चुकीला मी ‘काही नाही’ म्हणून मोकळा झालो. तिच्या सगळ्या धडपडीवर पाणी फिरवलं. राग तिनं सोसला असता.

बाराव्याला खाडीकडची एक बाई आली. मला नखशिखान्त न्याहाळून म्हणाली, “पेणचा भाचा तो तुमीच काय? बाई सांगायच्या तितकं काय बारीक नाय तुमी.” मग मागं उभ्या असलेल्या मुलाला तिनं पुढं ओढलं. कंपनीची शिफ्ट सोडून आला होता. “ह्याच्या टायमाला सासू डबा आणा म्हणत व्हती. बाईंनी तुमची गोष्ट सांगितली, मी हटून बसले. पाया पड रे त्यांच्या.” त्या ताडमाड पोराकडे बघायला मला मान वर करावी लागली. तो वाकला.

बाराव्याच्या जेवणानं माझं पोट बिघडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात पोट धरून बसलो. सात वाजले, सव्वासात झाले. कुणी विचारलं नाही. मला भयंकर राग आला. विचारून विचारून जीव नकोसा करायचा, आणि दुखतं तेव्हा जागेवर नाही! डोळे भरून आले आणि मी सगळ्या कारागिरांदेखत मोठ्यानं बोललो, “आत्या, दुखतंय गं. तुझ्यामुळंच दुखतंय... जाऊ दे आता.”