स्वराच्या मांडीतली गाठ

बायोप्सीचा, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा, रिपोर्ट वाचून पुण्यातल्या डॉक्टरांनी खुर्ची आमच्याजवळ ओढली. "इन्फंटाइल फायब्रोसारकोमा. तान्ह्या बाळांना मांसल भागात होणारा दुर्मीळ कॅन्सर." पाच महिन्यांची स्वरा माझ्या मांडीवर मूठ चोखत होती.

आम्ही निरवांगीचे, टोमॅटो पिकवणारे. अंघोळ घालताना तिच्या मांडीतली गाठ सासूबाईंच्या हाताला लागली होती. लसीची असेल म्हणून आम्ही महिनाभर शेकली. तुम्ही तसं करू नका. गाठ दिसली की दाखवा.

"लगेच ऑपरेशन केलं तर पाय जाईल. आधी केमोथेरपीनं गाठ लहान करू," डॉक्टर म्हणाले. केमो म्हणजे शिरेतून दिलं जाणारं औषध. ते कॅन्सरच्या पेशी मारतं, पण जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही कमी करतं. "ताप आला तर थांबायचं नाही. ताबडतोब दवाखाना गाठायचा."

दुसऱ्या केमोनंतर नवव्या दिवशी, दुपारी, स्वराचं अंग चटका बसावा तसं तापलं. एकशे एक.

"दात येत्यात गं," सासूबाई म्हणाल्या. "सांजपातूर बघू."

"न्हाय आई. आत्ताच निघायचं."

त्यांना मी पहिल्यांदाच नाही म्हटलं. नवऱ्यानं पिकअपमध्ये भरलेले टोमॅटोचे क्रेट भराभर खाली उतरवले. सासूबाई क्षणभर उभ्या राहिल्या, मग माझ्याआधी गाडीत चढल्या. "दे तिला हिकडं. तू डॉक्टरास्नी फोन लाव."

पुण्याच्या डॉक्टरांनी फोनवर जवळचा बारामतीचा दवाखाना गाठायला सांगितलं. वाटभर स्वरा रडतही नव्हती, तेच भयंकर होतं.

पांढऱ्या पेशी अगदी तळाला गेल्या होत्या. रक्त घेतल्याबरोबर अँटिबायोटिक सुरू झालं. तिथले डॉक्टर म्हणाले, "संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर अवघड होतं." सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. ताप उतरायला तीन दिवस लागले.

चौथ्या केमोनंतरच्या एमआरआयमध्ये गाठ निम्म्याहून लहान दिसली. मग ऑपरेशन झालं. पाय राहिला.

स्वरा आता दीड वर्षाची आहे. जरा पाय ओढते, पण चालते. अजून दर तपासणीला रिपोर्ट हातात येईपर्यंत मी दारातच उभी राहते. त्या सगळ्या डॉक्टरांचे आणि नर्सताईंचे उपकार फिटायचे नाहीत.

परवा तपासणीच्या रांगेत सुप्याकडची एक आई शेजारी बसली होती. तिच्या बाळाची पहिली केमो होती. तिनं हळूच विचारलं, "लई दुखतं का वो?"

सगळं ठीक होईल, असं म्हणणं सोपं होतं.

"व्हय, दुखतं," मी म्हणाले. "पण लेकरं मधीच हसत्यात बी. तवा आपुनबी हसायचं."