वकीलसाहेबांचे समास

चरित्रकार बाईंनी बाइंडरकाकांना पहिल्यांदा पाहिलं ते अभिलेखागाराच्या दारात. छातीशी लाल कापडी बांधणीचे तीन जाडजूड खंड, आणि चेहरा असा, की तिळ्यांचं बाळंतपण जणू आत्ताच सुखरूप पार पडलंय.

लोकांच्या हक्कांसाठी जन्मभर सरकारशी भांडलेले वकीलसाहेब म्हणजे काकांचे शेजारी आणि पत्त्यांतले भिडू. साहेब गेल्यावर वहिनींनी त्यांच्या तुरुंगातल्या पत्रांचे कच्चे खर्डे काकांच्या हवाली केले, "नीट बांधून ठेवा" म्हणून. बाई साहेबांचं चरित्र लिहीत होत्या आणि एका प्रश्नापाशी अडल्या होत्या. माफीच्या कागदावर सही केली असती तर साहेब दुसऱ्याच दिवशी सुटले असते. मग का नाही केली? भाषणांतलं उत्तर सगळ्यांना पाठ होतं. बाईंना मनातलं हवं होतं.

त्यांनी पहिला खंड उघडला. पानांच्या कडा अशा, की बोट कापावं. पण उजव्या कडेला जागोजागी अर्धीमुर्धी अक्षरं लोंबकळत होती.

"काका, इथं समासात काही लिहिलेलं होतं का हो?"

"होतं की! साहेबांची खोडच ती. पत्र मोत्यासारखं, आणि कडेला मनातलं सगळं गिचमीड. मी साफ केलं. कटिंग मशीनखाली घातलं, एका दुपारात काम फत्ते!"

बाई कापलेल्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या. त्यांचा चेहरा पाहून काकांच्याही डोक्यात प्रकाश पडला, आणि तिळ्यांचा आनंद मावळला.

दोघं तडक काकांच्या दुकानात गेली. काकू खळ शिजवत होत्या. त्यांनी स्टुलावरची गादी झटकून बाईंना बसवलं.

"काकू, त्या कागदांची छाटण टाकून तर नाही ना दिलीत?"

"टाकेन कशाला? तुम्ही बसलाय की तिच्यावर."

बाई ताडकन उठल्या. काकूंनी गादी उसवायला घेतली, तोंडाचा पट्टा चालूच. "कैद्यांच्या पत्रांतल्या ओळींवर शाई फासणारा तो तुरुंगातला अधिकारी वर्षानुवर्षं झटला. त्याला जमलं नाही ते आमच्या ह्यांनी एका दुपारात करून दाखवलं!"

जमिनीवर पट्ट्यांचा ढीग पडला. काका खाली मान घालून म्हणाले, "मीच तोडलंय, मीच जोडतो."

बरेच दिवस काही जुळेना. मग एका सकाळी सरकारला धाडलेल्या नकाराच्या खर्ड्याशेजारी एक पट्टी अचूक बसली. पत्रात होतं, 'तत्त्वाशी तडजोड अशक्य.' पट्टीवर होतं, 'गुडघे फार दुखतात. सही केली तर उद्या घरी. पण शेजाऱ्याला तोंड कसं दाखवू? स्वतः पत्त्यांत लबाडी करतो, मला मात्र सरळ माणूस समजतो.'

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाले, "बाई, ते पत्त्यांचं तेवढं गाळता येईल का?"

"खबरदार!" काकू कडाडल्या. "परत कात्री लावाल तर!"

चरित्र छापून आलं. ती ओळ त्यात जशीच्या तशी आहे. काका अजूनही सकाळी अभिलेखागारात येतात आणि उरलेल्या पट्ट्या जुळवत बसतात. बसायला काकूंनी नवी गादी शिवून दिली आहे, कापसाची.