शेशानाचा घरजावई

भागूबाई माझ्या टेबलासमोर उभी होती आणि तिचे वडील निपुत्रिक वारले असं सांगणारा कागद माझ्या हातात होता. कागदावर त्यापुढे 'शाखा बंद' असे दोन शब्द होते. मी कागद वाचला, बाईकडे पाहिलं, पुन्हा कागद वाचला.

"सखाराम तुमचे कोण?"

"बाप."

"सख्खा?"

"मंग बाप आनि कसला असतोय, सायेब?"

तिच्या मागे तिचा मुलगा मारुती उभा होता. तिशीच्या आतला, हाताला घट्टे पडलेला. सखारामच्या शेतात आयुष्यभर तोच राबला होता. आता त्या शेतात आमच्या बॉयलरचा पाया खणला जात होता.

पन्नासच्या दशकातली गोष्ट आहे. पिंपरीच्या बाजूला कारखाने यायला लागले होते. त्यातल्या एका कंपनीत मी लेबर ऑफिसात हेडक्लार्क होतो. हजेरीची यादी, उमेदवारांची यादी, गणवेशाची यादी, सगळ्या माझ्याकडे. जमिनीची भरपाई सरकार देणार होतं, ते काम मामलेदार कचेरीचं. कंपनीने आपल्या बाजूने एवढंच कबूल केलं होतं की जमीन गेलेल्या प्रत्येक घरातल्या एका माणसाला पर्मनंट नोकरी. घर कशाला म्हणायचं? वंशावळीतली एक शाखा म्हणजे एक घर, असं ठरलं.

वंशावळ म्हणजे घराण्याचं झाड. सगळ्यांत वर मूळ पुरुष, त्याखाली मुलगे, त्यांच्याखाली त्यांचे मुलगे. मुली लिहीत नाहीत. त्या लग्न होऊन दुसऱ्या झाडावर जातात असं धरलेलं असतं. या भावकीच्या कागदावर सगळ्यांत वर राघोजी होता आणि खाली त्याच्या सात शाखा. सातवी सखारामची, म्हणजे बंद.

"माझं लगीन झालं, पन मी गेले कुटं?" भागूबाई म्हणाली. "नवराच हितं आला की."

नवरा कोंडिबा पारनेरकडचा. दुष्काळात पोटासाठी आला आणि सखारामकडे सालगडी, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी, म्हणून राहिला. सखारामला मुलगा नव्हता. त्याने गड्यालाच मुलगी दिली आणि घरजावई करून घेतलं. आता सखारामही नव्हता, कोंडिबाही नव्हता.

कागद दाते साहेबांकडे नेला. ते आमचे पर्सोनेल ऑफिसर, मुंबईहून आलेले.

"साहेब, शाखा बंद लिहिलंय आणि शाखा बाहेर उभी आहे."

"साळवे, पंचांच्या सह्या आहेत ना? मग आपण कशाला खोलात जायचं?"

पहिली सही भावकीतल्या वडीलधाऱ्या माणसाची होती. दगडूतात्या. सखारामची शाखा बंद झाली तर सातवी नोकरी तात्यांच्या धाकट्या मुलाला द्यावी, असा अर्ज त्याच कागदाला टाचलेला होता. तात्यांनी आदल्याच आठवड्यात साहेबांना भेटून नियमही करवून घेतला होता: मुलीकडून आलेली शाखा धरली जाणार नाही. टाइप मीच केला होता. खाली 'सर्व अर्जदारांना लागू' असं टाकलं होतं. ते मी सवयीने प्रत्येक नियमाखाली टाकतो.

त्या रविवारी मी खडकीच्या चर्चमध्ये उपासनेला गेलो. मी ख्रिस्ती, मूळचा नगरकडचा. मंडळीतही याद्या माझ्याकडेच. त्या वर्षी आम्ही जुना करार ओळीने वाचत होतो, आणि कोणता अध्याय कोण वाचणार हे मी लिहून ठेवत असे. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकाचे सुरुवातीचे नऊ अध्याय कोणीच घेतले नाहीत. त्यात नुसती नावं आहेत. अमक्याचा मुलगा तमका, त्याचा तमका, पानंच्या पानं. बायबल वाचणारी माणसंही हे अध्याय ओलांडून पुढे जातात.

आमचे पाळकसाहेब, म्हणजे पाद्री, म्हणाले, "साळवे, नावं गाळलीत तरी चालेल. मंडळी झोपते."

मी यादीतलं काही गाळत नाही. दुसरा अध्याय मीच वाचायला घेतला. पाळकसाहेबांचं खरं होतं. पुढच्या बाकावरचे निवृत्त पोस्टमास्तर पेंगायला लागले होते. मीसुद्धा अर्थाकडे लक्ष न देता वाचत होतो आणि शेशानापाशी आलो.

शेशान नावाचा एक माणूस. त्याला मुलगे नव्हते, मुलीच होत्या. त्याच्याकडे एक मिसरी दास होता, म्हणजे इजिप्तहून आलेला, परक्या जातीचा, परक्या देवाचा गडी. त्याचं नाव यरहा. शेशानाने आपली मुलगी या यरहाला दिली.

माझा आवाज थांबला. पोस्टमास्तर जागे झाले. पाळकसाहेबांना वाटलं, जागा चुकली. जागा चुकली नव्हती. माझ्या टेबलावरचा कागद इथे कोणी आणून ठेवला, असं मला झालं होतं. आणि या यादीत शाखा बंद नव्हती. यरहाचा मुलगा अत्तय, त्याचा नाथान, असं करत खाली तेरा नावं चालली होती. बाप परका, गडी, हेही लपवलेलं नव्हतं. ते लिहून पुढचा वंश शेशानाच्या घराण्यात, त्याच्या यहूदा कुळात धरला होता.

उपासनेनंतर पाळकसाहेबांना गाठलं. "या याद्या कशासाठी हो लिहिल्या?"

"जमिनीसाठी आणि नोकरीसाठी," ते म्हणाले. "हसू नका. यहूदी लोक बाबेलच्या बंदिवासातून आपल्या देशात परत आले तेव्हा प्रश्न हाच होता. हे गाव कुणाचं, ते शेत कुणाचं, मंदिरातलं काम कुणाचं. ज्याचं नाव यादीत, त्याचं."

"मग शेशानाच्या जावयाचं..."

"थांबा. एज्राच्या पुस्तकाचा दुसरा अध्यायही वाचा. तिथे एक माणूस बर्जिल्लयाच्या घरी जावई झाला, सासऱ्याचंच नाव लावायला लागला. पुढे त्याच्या वंशातल्यांची नावं यादीत सापडली नाहीत. मंदिरातल्या याजकाच्या कामावरून काढलं त्यांना. बायबल तुमचा निकाल लावून देणार नाही, साळवे."

म्हणजे एका यादीत घरजावयाचा वंश टिकला आणि दुसरीत उडाला. बसमध्ये मी हाच विचार करत होतो. निकाल नव्हता, पण एक गोष्ट लक्षात आली. त्या जुन्या याद्या कुठून सुरू झाल्या ते स्वतःच सांगतात. थेट आदामापासून. आमची यादी राघोजीपासून सुरू होत होती. राघोजीचा बाप कोण?

सोमवारी दाते साहेबांना शेशानाचं सांगून तेच विचारलं.

"साळवे, बायबल वेगळं आणि सातबारा वेगळा."

"हो साहेब. म्हणून बायबलचं सांगत नाही. कागद अर्धा आहे एवढंच सांगतोय. मूळ पुरुषाच्या वरचं कळल्याशिवाय मला यादी फायनल करता येणार नाही."

अपुऱ्या कागदावर सही करायला साहेब घाबरत. त्यांनी आठ दिवस दिले.

साहेबांकडून कानावर गेलं असावं, दुसऱ्याच दिवशी तात्या आले. पांढरा फेटा, पानाने लाल झालेले ओठ. खुर्ची ओढून बसले.

"साळवे, तुमच्या पोथीत काय लिवलंय त्यावरनं आमची भावकी ठरायची व्हय?"

"नाही तात्या. तुमच्याच घराण्याचं विचारतोय. राघोजीच्या वर कोण?"

"देव हाय वर. आनि कोन?" ते हसले. "तुमाला पुरावाच पायजे ना? आमचा भाट आनतो. त्यो सांगंल भागू कुटं बसती ती."

भाट म्हणजे घराण्याची वंशावळ सांभाळणारा माणूस. काही वर्षांनी एकदा गावात येतो, नव्या मुलांची नावं नोंदतो, सगळं घराणं पहिल्यापासून म्हणून दाखवतो, जेवतो आणि बिदागी घेऊन जातो. त्याचं काम आणि माझं काम फारसं वेगळं नाही, फक्त त्याला चाल लावावी लागते.

ठरल्या दिवशी सगळी भावकी साइट ऑफिसच्या व्हरांड्यात जमली. तात्यांच्या घरी पुरणाचा स्वयंपाक चालू होता. तात्या म्हणत होते, आधी जेवून घेऊ. मी म्हटलं, आधी काम. भागूबाई आणि मारुती खाली पायरीवर बसले. वर या म्हटलं तरी आले नाहीत.

भाट गुलाबी पागोट्याचा, खणखणीत आवाजाचा माणूस होता. मांडीवर चोपडी उघडली, पण तिच्याकडे पाहिलं नाही. देवांपासून सुरुवात केली. मी लिहून घेत होतो. दाते साहेब घड्याळ बघत होते. भावकीतले दोघे आमटीत कट किती घालावा यावर हळू आवाजात वाद घालत होते. ऐकत कोणीच नव्हतं. नावं पडत होती, खडकीच्या मंडळीत पडत होती तशीच.

"येसाजीला पोटी पुत्र नाही," भाटाची चाल चालू होती. "लेक एक, गंगा. गंगेचा धनी राघोजी, गाव चऱ्होली. आला गुरं वळायला, ठेविला घरी, दिली लेक, दिलं शेत. राघोजीचे पुत्र..."

माझी पेन्सिल थांबली. "थांबा. पुन्हा म्हणा."

त्याने पुन्हा म्हटलं. तीच चाल, तेच शब्द. आता सगळे ऐकत होते.

"राघोजी जावई?" तात्यांनी विचारलं.

"जावई. आधी गुराखी, मग जावई, मग मालक."

"ह्ये कुनी सांगितलं तुला?"

"तात्या, माझ्या बापाने सांगितलं, त्याच्या बापाने त्याला. तुमच्या वडिलांच्या वर्षश्राद्धाला ह्याच ओसरीवर... म्हणजे तुमच्या ओसरीवर हेच म्हटलं मी. तुम्ही आचाऱ्याला ओरडत होता, बुंदी कमी पडली म्हणून."

तात्यांच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. राग नव्हता तो. पायाखालची पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि तिथे काही नसावं, तसं त्यांचं तोंड झालं. शेवटी आमटीवाल्यांपैकी एक जण म्हणाला, "तात्या, म्हंजी आपन समदेच भागूच्या शाखेचे की राव."

दाते साहेबांनी मला आत बोलावलं आणि दार लावलं. मला वाटलं, आता सरळ मार्गाने सुटलं. साहेब नियमाचा कागद हातात घेऊन हसत होते.

"मुलीकडून आलेली शाखा धरली जाणार नाही. सर्व अर्जदारांना लागू. साळवे, सातही घरं बाद. सात जागा मोकळ्या."

दिवसभरातला सगळ्यांत मोठा धक्का मला तेव्हा बसला. पायरीवर बसलेल्या दोघांसाठी मी जे उकरलं होतं, त्यात सातही घरं गाडली जात होती, आणि 'सर्व अर्जदारांना लागू' हे शब्द माझेच होते.

"साहेब," मी म्हटलं, "जमिनीचा ताबा आपल्याला यांनीच दिला. ताबापावत्यांवर यांच्या सह्या. सखारामच्या शेताच्या पावतीवर भागूबाईचा अंगठा आहे, कारण त्या दिवशी शेतात तीच होती. हे कोणी वारस नव्हेत असं आपण लेटरहेडवर लिहिलं, तर मामलेदार विचारतील, ताबा मग कुणी दिला? बॉयलर कुणाच्या जागेत आहे?"

साहेबांचं हसू गेलं. त्यांनी नियमाचा कागद माझ्याकडे सरकवला.

"रद्द म्हणून टाइप करा."

बाहेर आलो तर तात्या व्हरांड्याच्या टोकाला एकटेच उभे होते. मला म्हणाले, "लिवा. भागूचं लिवा." मग आवाज उतरवून, "पन ती येसाजी आनि गंगा नगा लिवू. राघोजी वर हाय त्यो वरच ऱ्हाऊ द्या. पोरांच्या सोयरिकी व्हायच्यात."

"तात्या, वर गंगा लिहिली तरच खाली भागू बसते."

त्यांनी तोंड रस्त्याकडे फिरवलं. "मंग लिवा," म्हणाले, आणि जेवायला चला असंही न म्हणता निघाले. पायरीपाशी थबकले. भागूबाईकडे न बघता म्हणाले, "ऊठ. पुरन गार व्हतंय. पोरालाबी घे."

मी नवीन वंशावळ केली. येसाजीखाली गंगा, तिच्याशेजारी राघोजी, कंसात 'जावई, चऱ्होली'. सखारामखाली भागूबाई, तिच्याशेजारी कोंडिबा, कंसात 'जावई, पारनेर'. पंचांच्या सह्या पुन्हा घेतल्या. पहिली तात्यांचीच. मारुती बॉयलर हाउसला लागला, म्हणजे पगार घेऊन आपल्याच शेतात उभा राहायला लागला. तात्यांच्या धाकट्याला नोकरी मिळाली नाही. मी पेन्शनीत जाईपर्यंत तात्यांनी मला रामराम घातला नाही.

भागूबाई एकदा ऑफिसात आली होती. तिचं नाव कुठे आहे ते दाखवा म्हणाली. मी दाखवलं. तिने त्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "आनि गंगा?" तेही दाखवलं.

ती गेल्यावर मला शेशानाची मुलगी आठवली. तिच्या लग्नाची ओळ आहे, नवऱ्याचं नाव आहे, मुलाचं आहे. त्या ओळीत तिचं नाही. ते कुणाला विचारून भरायची सोय आता राहिलेली नाही.

पुढे माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक क्लार्कला मी एक नियम शिकवला. यादी फायनल करण्याआधी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची, पहिल्या नावापासून, आणि जेवणाच्या आधी.