किरकोळ पिशवी

माझे वडील पिंपळगाव राजा या गावात आयुष्यभर गणित शिकवत होते. निवृत्तीनंतर शाळा सुटली, वेळापत्रक काही सुटलं नाही. आजार मागे लागले तेव्हा त्यांनी आजारांचंही वेळापत्रक केलं. आईकडून कापडी पिशव्या शिवून घेतल्या, प्रत्येकीवर शाईनं विषय लिहिला आणि दारामागच्या खुंट्यांना ओळीनं टांगल्या. हृदय, साखर, गुडघे. अकोल्याला हृदयाच्या डॉक्टरांकडे जाताना हृदयाचीच पिशवी न्यायची, खामगावला हाडांच्या डॉक्टरांकडे गुडघ्यांची. एका सरांच्या तासाला दुसऱ्या सरांची वही बाकावर दिसता कामा नये, हा नियम त्यांनी छडी हातात घेऊन पोरांकडून पाळून घेतला होता. आता स्वतः पाळत होते.

शेवटच्या खुंटीवर आणखी एक पिशवी होती. तिच्यावर लिहिलं होतं, किरकोळ. मी दिलेली औषधं त्या पिशवीत जात.

मी मोताळ्यात डॉक्टर आहे, साधा. एमबीबीएसनंतर पुढच्या शिक्षणाची जागा मिळाली नाही. बाजाराच्या दिवशी माझ्या दवाखान्यात एकाच बाकावर विंचू चावलेला म्हातारा, तापानं फणफणलेलं लेकरू आणि फवारणीचं औषध अंगावर उडालेली बाई शेजारीशेजारी बसतात. तिथं ‘हा माझा विषय नाही’ म्हणायची सोय नसते. पण सगळ्याचं थोडंथोडं येऊन भागत नाही, हेही मला लवकर कळलं. एखादी तरी विहीर पाणी लागेपर्यंत खणावी लागते. मी म्हाताऱ्या माणसांची औषधं हा विषय धरला. कोणती गोळी कोणत्या गोळीशी भांडते, कोणती बंद करावी, कोणती चुकूनही बंद करू नये, हे वर्षानुवर्षं वाचलं. दवाखाना सांभाळून घरबसल्या अभ्यासक्रम केला, परीक्षा दिली. प्रमाणपत्र घेऊन बाबांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून ते दोन्ही बाजूंनी पाहिलं.

“तुले सगळंच थोडंथोडं येते,” ते म्हणाले. “म्हणजे नेमकं काय येते?”

“गोळ्या, बाबा. सगळ्या मिळून पोटात काय करतात ते.”

“हा काई विषय नाई.”

मला राग आला. अजूनही येतो. मोताळ्याचे लोक नातेवाइकांना घेऊन माझ्याकडे येत होते, बुलडाण्याहून डॉक्टर फोन करून विचारत होते, आणि माझ्या स्वतःच्या घरात मी खोकल्याच्या औषधापुरता होतो.

बाबांच्या हृदयाचे ठोके अनियमित होते. रक्तात गुठळी होऊ नये म्हणून त्यांना रक्त पातळ करणारी गोळी चालू होती, एवढं मला माहीत होतं. पुढे त्यांचं पोट जळायला लागलं. मी पोटाची गोळी लिहून दिली, रोज सकाळी न चुकता घ्या म्हणालो, आणि विचारलं, “गुडघ्यांसाठी काय दिलंय?”

“देलं काईतरी. त्यायचा विषय आहे तो.”

मी खुंटीकडे हात नेला. त्यांनी मधेच माझं मनगट धरलं. धरण्यात अजून मास्तराचा जोर होता.

“दुसऱ्याच्या तासाले वर्गात शिरत नाई आपण.”

आईनं चहा ठेवला. आम्ही दोघांनी पावसापाण्याच्या गोष्टी करत तो प्यायला.

एका सकाळी आईचा फोन आला. “तुह्या बाबाले रक्ताची उलटी झाली. लवकर ये.”

मी गाडी काढून पिंपळगावला पोचलो. त्यांना घेऊन निघताना खुंट्यांवरच्या सगळ्या पिशव्या काढून घेतल्या. बाबा मागच्या सीटवर आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडले होते, तरी त्यांची नजर पिशव्यांवरच होती. अकोल्याच्या दवाखान्यात मी सगळ्या पिशव्या शेजारच्या रिकाम्या पलंगावर पालथ्या केल्या. गुडघ्यांच्या पिशवीतून दुखण्याची गोळी निघाली. रोजची, तीही जोरकस. रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर ती घेतली की पोटाच्या आतून रक्त सुटतं. हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, दुसरं काही चालू आहे का. बाबांनी सांगितलं होतं, गुडघ्यांचं एवढंच. ते खोटं बोलले नव्हते. किरकोळ पिशवीतल्या माझ्या पोटाच्या गोळ्या जवळजवळ सगळ्या शिल्लक होत्या. पोट जळलं तरच घ्यायच्या, असं त्यांनी परस्पर ठरवलं होतं.

पुढे जे झालं त्यात कोणाचीच चूक नव्हती, म्हणून ते जास्त सलतं. पोटाचे डॉक्टर म्हणाले, रक्त थांबत नाही, पातळ करणारी गोळी बंद ठेवावी लागेल. हृदयाचे डॉक्टर म्हणाले, बंद केली तर मेंदूत गुठळी जाऊ शकते. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, दोघंही माझ्याशी नीट बोलले. मग दोघंही माझ्याकडे पाहायला लागले.

“तुमचा हाच अभ्यास आहे ना,” हृदयाचे डॉक्टर म्हणाले. “तुम्हीच सांगा.”

ज्या विषयाला बाबा विषय मानत नव्हते, त्याची परीक्षा त्यांच्याच उशाशी बसून द्यायची वेळ आली. रक्त चढवत होते आणि ते खालून जात होतं. दोन दिवसांत माणूस हातचा जाणार, हे दिसत होतं. मी म्हणालो, बंद करा. मला प्रचंड भीती वाटत होती. आजही मी तेच सांगेन.

रक्त थांबलं. बाबा उठून बसले, आईच्या हातची खिचडी खाल्ली. गोळी पुन्हा सुरू करायचा दिवस ठरला होता. त्याच्या आदल्या सकाळी त्यांचा उजवा हात पलंगावरून खाली लोंबला आणि तोंड वाकडं झालं.

वाचले. चालत नाहीत, बोलत नाहीत. आता माझ्याकडे मोताळ्याला असतात. त्यांच्या सगळ्या गोळ्या मी स्वयंपाकघरातल्या एकाच स्टीलच्या डब्यात ठेवतो आणि सकाळी वाटीत काढून पुढे करतो. ते डाव्या हातानं त्या वेगळ्या करतात. हृदयाची एकीकडे, साखरेची एकीकडे. त्याशिवाय एकही तोंडात घालत नाहीत. आई म्हणते, “राहू दे, तेवढंच करता येते त्यायले.”

सगळ्या लावून झाल्या की ते पोटाची गोळी उचलतात. माझी, किरकोळ पिशवीतली. ती ते सगळ्यात आधी घेतात आणि घेताना माझ्याकडे पाहतात. गोळी रिकाम्या पोटीच घ्यायची असते, म्हणून आधी घेत असतील. की आणखी काही असेल. मी रोज विचारतो, “बाबा, हीच आधी काऊन?” ते तोंड उघडतात, आणि मी त्यात पाणी घालतो.