वीतभर जागा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, वहिनीला तर नाहीच नाही. दर चतुर्थीला लिंबागणेशला जातो, गणपतीपुढे हात जोडतो, आणि तिथेही हे एवढं सोडून बाकी सगळं बोलतो. तुम्हाला लिहून सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर तुमच्यापुढेही मी चांगलाच माणूस राहिलो असतो — चांगलं दिसायची मला फार जुनी सवय आहे.

आधी गाडीचं सांगतो. गाडीचं सांगणं सोपं जातं.

पांढरी, लहान, कंपनीच्या यादीतली सगळ्यात खालची. मागच्या काचा हाताने फिरवायच्या. गाण्याची सोय नाही, चाकांना साध्या टोप्यासुद्धा नाहीत. वडवणीत माझं खत-बियाण्याचं दुकान आहे, दुकानासमोर पहिल्या दिवशी उभी केली तर शेजारचा पानवाला म्हणाला, "कुण्या सायबाची हाय का भाड्याची?" ते मला झोंबलं. मग मी तिला नटवायला घेतली. आधी सीटला चॉकलेटी रेक्झिनची कव्हरं, दुहेरी शिलाईची. मग चाकं बदलली. पुढे टचस्क्रीन आला, खिडक्यांवर जाळीचे पडदे आले. आणि मागच्या काचेवर रेडियमची मोठी अक्षरं — 'अण्णांचा आशीर्वाद'. ती अक्षरं पाहून लोक म्हणायचे, भाऊ असावा तर असा. मी मान खाली घालून हसायचो. ते हसणं मला चांगलं जमतं.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. वडवणी-बीड रस्त्यावर त्याने पंधरा वर्षं काळीपिवळी जीप चालवली. त्या रस्त्यावर त्याला न ओळखणारं माणूस नव्हतं. कुणाचं औषध आणून दे, कुणाचा डबा पोचव, कुणाची रुसलेली सून माहेराहून परत आण — सगळं अण्णा. मला गाडी शिकवली तीही त्यानेच. आणि मी कोण? मी अण्णाचा भाऊ. शाळेत, बाजारात, लग्नात, कुठेही. माझं नाव दत्ता आहे हे निम्म्या गावाला दुकानाची पाटी लागल्यावर कळलं असेल.

सहा वर्षांपूर्वी शेळ्यांसाठी पाला तोडताना अण्णा कडुलिंबावरून पडला. कमरेखालचं गेलं ते गेलंच. मी रडलो, खरं रडलो. पण तुम्हाला सांगायचंच ठरवलंय तर हेही सांगतो — तो खाटेवर पडला आणि लोक पहिल्यांदा मला विचारायला यायला लागले. दत्ताभाऊ, काय करू, कसं करू. ते मला आवडलं. भावाचं असं झालेलं असताना माणसाला असं काही आवडू शकतं का? मला आवडलं.

गाडी घ्यायची ठरली ती अण्णासाठी. बीडला दवाखान्यात न्यायला, जरा चार ठिकाणी फिरवायला. त्याची चाकाची खुर्ची डिक्कीत कशी घालायची हे त्यानेच शोधून काढलं. डिक्कीवरचा फळा काढायचा, खुर्ची मिटायची, पाय ठेवायच्या पट्ट्या सोडवायच्या. "चाकं वर कर अन् तिरकी घाल. जाती बघ," तो पुढच्या सीटवरून मान वळवून सांगायचा. आणि जायची. नेमकी, घासून, पण जायची.

पहिला महिना मी त्याला फिरवला. जिथे थांबू तिथे माणसं धावायची. "आरं, अण्णा आला, अण्णाची गाडी आली." त्याच्या खिडकीशी गर्दी, चहा त्याच्या हातात, हसणं-खिदळणं. मी स्टिअरिंग धरून समोर बघत बसायचो. गाडी माझी, कागद माझ्या नावावर, आणि मी तिच्यात कोण होतो? लिंबागणेशला देवळाबाहेर त्याचा एक जुना जीपवाला दोस्त भेटला. गप्पा रंगात आल्या आणि त्या माणसाने माझ्याकडे न बघताच बोनेटवर थाप मारली. "ए डायव्हर, गाडी जरा मागं घे बे, लोकायला जाऊ दे." अण्णा खो-खो हसला. "आरं, भाऊ हाय त्यो माझा," तो म्हणाला, पण हसून झाल्यावर. मी गाडी मागे घेतली.

पुढच्या आठवड्यात मी बीडला जाऊन डिक्कीत साऊंडची पेटी बसवून घेतली. प्लायवूडची, काळ्या कापडाने मढवलेली, मोठा वूफर असलेली. घरी आल्यावर अण्णाने खुर्चीतूनच डिक्कीत डोकावून पाहिलं.

"झकास हाय," तो म्हणाला. "पर खुर्ची कुठं जाईल आता?"

"मिस्तरीनं न विचारताच मोठी केली, अण्णा. बदलून घेऊ."

बदलून घेऊ — हेच मी दोन महिने म्हणत राहिलो. गाड्यांची चांगली जाण असलेला माणूस तो, गप्प कसा बसेल? त्याने एकेक वाट काढली. म्हणाला, टपावर कॅरिअर बसवू. मी म्हणालो, नव्या गाडीचा पत्रा दबेल. म्हणाला, मग खुर्ची मागच्या सीटवर आडवी घालू. मी म्हणालो, कव्हरं फाटतील, आत्ताच शिवलीत. म्हणाला, खाली गोधडी टाकू. मी म्हणालो, मग वहिनी कुठे बसणार? त्याच्याकडे दर वेळी वाट होती आणि माझ्याकडे दर वेळी नवीन बसवलेलं काहीतरी होतं. कधीकधी वाटतं, ती सगळी नटवानटवी मी त्यासाठीच केली होती का? नाही. कव्हरं आधीची होती. पण नंतर ती कामाला आली.

मग खुर्चीशिवाय उचलून नेला असता की, असं तुम्ही म्हणाल. वहिनीही म्हणाली होती. पण अण्णाला मी तुमच्यापेक्षा जास्त ओळखतो. गाडीत बसवताना मी उचललेलं त्याला चालायचं, ते घरच्या अंगणात. परक्या दारात, माणसांपुढे, पोत्यासारखं उचलून ठेवलेलं त्याला मरणाहून वाईट. हे मला ठाऊक होतं. त्याच्या मानीपणावर माझा पक्का भरवसा होता.

त्याच सुमारास सुमनचा फोन आला. सुमन अण्णाची एकुलती एक लेक, चकलांब्याला दिलेली. तिने आणि जावयाने दोन खोल्यांचं पक्कं घर बांधलं होतं. वास्तुशांतीचं आवतण देताना ती फोनवर ओरडूनच बोलत होती, त्यामुळे सगळ्यांना ऐकू आलं.

"बाबा, दारात पायऱ्या न्हाई केल्या. उतार केलाय शिमिटाचा. उंबरा बी न्हाई ठेवला. तुमी तुमच्या खुर्चीवर थेट देवापर्यंत यायचं, कुणी हात लावायचा न्हाई."

अण्णाने फोन ठेवला आणि कितीतरी वेळ मांडीवर तळहात घासत बसला. त्या आठवड्यात त्याने वहिनीकडून पांढरा सदरा इस्त्री करून घेतला. खुर्चीच्या चाकांना तेल दिलं. मला काहीच म्हणाला नाही, फक्त एवढंच, "दत्ता, तेवढी पेटी बघ की रं." मी म्हणालो, बघतो.

रविवारी मी अंगणात गाडी धूत होतो. डिक्की नुसती लोटून ठेवली होती. अण्णा खुर्ची लोटत मागे आला. आधी त्याने फडक्याने काचेवरची अक्षरं पुसली, हात पोचेल तेवढी. मग डिक्की वर ढकलून हात आत घातला आणि वितीने मोजायला लागला. पेटी मोजली. पेटीपुढची जागा मोजली. मग आपल्याच खुर्चीचं चाक मोजलं, तिच्यावर बसल्या-बसल्या. मी पाण्याचा पाइप हातात धरून उभा. पाणी कुठे सांडत होतं तेही कळत नव्हतं.

"एक वीत कमी पडती," तो म्हणाला. "नेमकी एक वीत." मग माझ्याकडे वर बघत, "मिस्तरीला माप कुणी दिलं?"

"त्यानंच घेतलं."

तो मान हलवत राहिला. "लई हुशार मिस्तरी हाय," म्हणाला आणि खुर्ची वळवून ओसरीकडे गेला.

माप मी दिलं होतं.

लिहिलं एकदाचं. लिंबागणेशहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी. अण्णा ओसरीत खाटेवर झोपला होता, खुर्ची शेजारी होती. दुकानातला मोजायचा टेप मी बरोबर आणला होता. खुर्ची हळूच मिटली, उभी मोजली, आडवी मोजली, तिरकीही मोजली. बियाण्याच्या रिकाम्या पाकिटावर आकडे लिहिले. एकदा खुर्ची करकरली आणि अण्णा कुशीवर वळायला धडपडला. त्याला कुशीवर वळायलाही धडपडावं लागतं. मी तसाच थांबलो. तो पुन्हा घोरायला लागला, तेव्हा खुर्ची उघडून जिथल्या तिथे ठेवली, तिचं तोंडसुद्धा होतं त्याच बाजूला केलं. मग जाऊन डिक्की मोजली.

बीडचा साऊंडवाला सरळ माणूस. त्याने मला समजावलं, "भाऊ, सीटाखाली बसतंय असं चपटं येतंय आता. आवाज बी तेवढाच, डिक्की मोकळी ऱ्हाती." मी म्हणालो, नको, मोठी पाहिजे. आणि आकडे लिहिलेलं पाकीट काढून त्याच्यापुढे ठेवलं. इतकी खोल, इतकी रुंद. त्याने पाकिटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि प्लाय कापायला घेतला. रागाच्या भरात माणूस काहीबाही बोलून जातो, हात उगारतो — ते मी समजू शकतो. पण टेप घेऊन मोजमाप करणं याला राग म्हणायचं का? माझं डोकं त्या दिवशी अगदी थंड होतं. गेल्या कित्येक वर्षांत एवढं काळजीपूर्वक मी काही केलं नव्हतं.

अण्णाला हे कळलं होतं का? वीत घालून मोजणाऱ्याला काय कळायचं राहतं?

वास्तुशांतीला आम्ही गेलो. मी, माझी बायको, वहिनी. अण्णा इस्त्रीचा सदरा घालून ओसरीत बसला होता. मी डिक्कीजवळ उगाच खुडबुड केली, मग म्हणालो, "न्हाई बसत, अण्णा." तो म्हणाला, "जा तुमी. उशीर नका करू." शेजारणीने त्याला दुपारी भाकरी द्यायचं कबूल केलं होतं. चकलांब्याच्या वाटेवर मी मोठ्याने गाणी लावली. आवाज खरंच झकास होता.

सुमनच्या दारातला उतार मी पाहिला. गुळगुळीत घोटलेला, दोन्ही कडांना छोटे कठडे, चाक सरकू नये म्हणून. त्यावर रांगोळी काढली होती आणि कुणीही त्यावरून जात नव्हतं, सगळे बाजूने उडी मारून आत चढत होते. सुमन गाडीशी आली, पुढच्या सीटवर वाकून बघितलं, मग मागे बघितलं.

"काका, बाबा कुठंय?"

वहिनी तोंड उघडणार होती. मीच आधी बोललो. "तोच नको म्हणाला गं. त्याला आता माणसात यायला नको वाटतं."

पेटी ही एक गोष्ट झाली. पण हे वाक्य? हे तर मी ठरवूनही आणलं नव्हतं, आपसूक आलं, इतकं सहज. सुमनचा चेहरा कसा झाला ते मी लिहीत नाही. तिने आतून एक पाट आणून रांगोळीपुढे आडवा ठेवला, कुणी पाय देऊ नये म्हणून. बहुतेक तिला वाटलं असेल, संध्याकाळपर्यंत बाबांचं मन बदलेल.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला तेव्हा मी ओसरीतच होतो. तिचा आवाज नेहमीसारखा बाहेरपर्यंत येत होता. "बाबा, तुमी नको कावून म्हणलात? मी तुमच्यासाठी केलतं ना सगळं."

अण्णाने माझ्याकडे पाहिलं.   त्याने एक शब्द बोलायचा अवकाश होता, आणि मी जसा आहे तसा सगळ्यांपुढे उभा राहिलो असतो.

"अंग दुखत व्हतं, बाळा," तो म्हणाला. "मीच न्हाई म्हणलो. काकाचा तुझ्या काई दोष न्हाई."

तुम्हाला वाटेल, मी तिथेच कोसळलो. तसं काही झालं नाही. मला हायसं वाटलं. सुटलो, असं वाटलं. मी आत जाऊन चहा मागितला.

त्याला आता दोन वर्षं होतील. अण्णाने पुन्हा कुठे जायचं नाव काढलेलं नाही. दवाखान्याचा माणूस घरी येतो. सुमनच्या दारातल्या उतारावरून जावई मोटारसायकल आत घेतो, तेवढाच त्याचा उपयोग. गेल्या दिवाळीत पेटीचं कापड फाटलं, मी नवीन मढवून आणलं. अण्णा अजून रविवारी खुर्ची लोटत येतो आणि मागची काच पुसतो. त्याचा हात खालच्या ओळीपर्यंत पोचतो, 'आशीर्वाद' तेवढा लख्ख राहतो.

पेटी चार स्क्रूंवर बसवलेली आहे. ते काढायचा पेचकस गाडीच्या माझ्या बाजूच्या दारातल्या खणात असतो. काल पेट्रोलची पावती ठेवताना तो हाताला लागला. मी पावती त्याच्याखाली सरकवली आणि दार लावलं.