हुकाची लाल पट्टी

रुतलेली गाडी ओढून काढणाऱ्या विंचच्या हुकाला एक लाल पट्टी येते. वीतभर लांब, कापडी, काठाला जाड शिवण घातलेली. वायर गुंडाळून घेताना हूक हातात धरायचा नाही, ही पट्टी धरायची, म्हणजे बोटं यंत्रापासून लांब राहतात. एवढंच तिचं काम. माझ्या दाजींनी खंडेनवमीच्या दिवशी ती कात्रीने कापून टाकली, कारण हुकाला झेंडूचा हार घालताना ती मध्ये लोंबत होती आणि बरी दिसत नव्हती. तिच्या जागी त्यांनी लिंबू-मिरची बांधली. मी शेजारीच प्रसादाचं खोबरं हातात घेऊन उभा होतो आणि तोंडातून ब्र काढला नाही. त्याबद्दल मला दाजींपेक्षा स्वतःचा राग जास्त येतो.

दुसरा कोणी असता तर मी कात्री हिसकावून घेतली असती. चाकणच्या एका कंपनीत क्रेनची देखभाल माझ्याकडे आहे. छताखालून धावणाऱ्या क्रेन, त्यांचे हूक आणि वायर रोप यांच्यात माझा दिवस जातो. वायर रोप म्हणजे बारीक तारांचा पीळ. वजन ओढून ओढून त्यातली एखादी तार तुटते आणि तिचं टोक बाहेर डोकावतं. आम्ही त्याला कुसळ म्हणतो. ही कुसळं शोधायची आणि ती वाढली की रोप उतरवायला लावायचा, मग प्रॉडक्शनवाले कितीही नाचले तरी. कारखान्याच्या शॉपवर मी कोणालाही ओरडतो. टांगलेल्या वजनाखालून चालत निघालेल्या मॅनेजरलाही ओरडलो आहे, आणि त्याने निमूट ऐकलं आहे. पण बहिणीच्या नवऱ्यापुढे आवाज चढवायचा नाही हे मला लहानपणापासून शिकवलेलं, आणि ते कंपनीच्या सगळ्या ट्रेनिंगपेक्षा पक्कं बसलेलं.

दाजी दिघीतले, जुन्या शेतकरी घरातले. मन सढळ, आवाज मोठा, मनगटात जाडजूड सोन्याचं ब्रेसलेट. दोन वर्षांपूर्वी त्यांनी फोर-बाय-फोर गाडी घेतली आणि रविवारी मित्रांबरोबर चाकणच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला चिखल तुडवायला जाऊ लागले. मग गाडीच्या पुढच्या बंपरवर विंच आला. काळेवाडीतल्या एका चाचांनी तो बसवला. चाचा कमी बोलतात, पण त्या दिवशी लाल पट्टी चिमटीत धरून त्यांनी दाजींना दोनदा सांगितलं, "शेठ, ये निकालना मत. ये उंगलियों का बीमा है." दाजींनी मान डोलावली. डॉक्टर तंबाखू सोडा म्हणतो तेव्हाही ते अशीच डोलावतात.

मला या रविवारच्या भटकंतीचं काडीचं वेड नाही. मी जात होतो ते ताईसाठी. ताई माझी मोठी बहीण. तिच्या सासऱ्यांचा उजवा पंजा कडबाकुट्टीत गेला होता, तिच्या लग्नाच्या खूप आधी. अंगठा आणि करंगळी तेवढी उरली होती. त्यांच्या सदऱ्याची बटणं ते जाईपर्यंत ताईने लावली, भाकरी कुस्करून दिली. त्यामुळे गाडीला यंत्र बसवलंय म्हटल्यावर तिने मला बरोबर जायला लावलं. दर शनिवारी तिचा फोन यायचा. "तू हायस ना बरोबर? मग जाऊ देते." इतकंच विचारायची. म्हणजे दाजींच्या दहा बोटांची जबाबदारी माझ्यावर, आणि दाजींना एक शब्द टाकून बोलायची मला मुभा नाही. ही कसली नेमणूक?

दसऱ्यानंतरच्या रविवारी ओढ्याकाठी दाजींच्या एका मित्राची गाडी रुतली. वरून जमीन वाळलेली, खाली गाळ. चाकं अर्धी आत गेली. दाजींनी आपला विंच लावला. पाच मिनिटांत सगळे जमा झाले, आणि आपल्याकडे जमा झालेला माणूस लांब उभा राहत नाही. दुसऱ्याची गाडी अडकली असताना हात न लावणं म्हणजे माणुसकी नसणं. एरवी मला याचं कौतुकच वाटतं, पण विंचपुढे ही माणुसकी जिवावर बेतते. ताणलेला रोप तुटला तर तो ज्या बाजूला झोडपेल त्या बाजूला कोणी नको. रोपाच्या लांबीच्या दीडपट अंतरावर उभं राहा, म्हणून मी सांगत होतो. लोक दोन पावलं मागे जायचे आणि माझी पाठ फिरली की तीन पावलं पुढे यायचे.

शिवाय सगळे मिळून ओरडत होते. "येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे." कंपनीत क्रेनला एकच माणूस इशारा देतो, बाकीच्यांनी तोंड बंद ठेवायचं असतं. इथे रिमोट दाजींच्या एका दोस्ताच्या हातात, आणि त्याला नऊ जण नऊ दिशांनी सांगताहेत. मी एक जाड सतरंजी ओली करून रोपावर टाकली. रोप तुटलाच तर तिच्या वजनाने खाली बसतो, हवेत फिरत नाही. त्यावर एक जण म्हणाला, "काय राव, रोपाला थंडी वाजती का?" सगळे खो खो हसले. दाजीही.

आणि दाजी नेमके रोपाला खेटून. बाकीच्यांना मी दरडावू शकत होतो, यांना कसं सांगू? "दाजी, जरा इकडे येता का, इथून छान दिसतंय." असल्या गोडगोड भाषेत मी त्यांना दोन वेळा बाजूला आणलं. लग्नातल्या रुसलेल्या पाहुण्याला पंगतीला बोलवावं तसं. माझी मलाच लाज वाटत होती.

गाडी निघाली. टाळ्या झाल्या, कोणीतरी भडंगाची पिशवी फोडली. खरा धोका इथून पुढे असतो. गाडी निघाली की सगळे सैल पडतात, आणि वायर परत ड्रमवर गुंडाळायची राहिलेली असते. हे काम दाजी नेहमी स्वतः करायचे. हूक दुसऱ्या कोणाला धरूच देत नसत. मला वाटायचं, मिरवायची हौस. त्या दिवशीही त्यांनी हूक उघड्या हातात धरला, दुसरा हात वायरवर ठेवला आणि गाडीच्या दिशेने चालू लागले. दोस्ताने बटण दाबून ठेवलं होतं आणि तोंड भडंगवाल्याकडे होतं.

"दाजी, हूक हातात नका धरू," मी म्हणालो.

"आरं, हाय काय त्यात. जनावराचं दावं धरतो तसं धरायचं."

"निदान ग्लोव्हज तरी घाला. माझ्याकडे आहेत."

"पाव्हणं, तुमची कंपनी रविवारी बंद असती ना?"

पुन्हा हशा. वायर ड्रमकडे चालली होती. बंपरवर वायर आत घेणारे चार रूळ असतात, त्यांच्यात बोट गेलं तर ते बोट राहत नाही. हूक तिथून दोन हातांवर आला तेव्हा दाजींनी वायरवरचा हात सोडला, पण तो सुटला नाही. वायरचं एक कुसळ ब्रेसलेटच्या कडीत अडकलं होतं. वायर चालत होती आणि हात तिच्याबरोबर चालला होता. दाजींच्या चेहऱ्यावर नुसतं नवल होतं.

"ए, बटण सोड!" मी ओरडलो. "हात काढ रे! काढ हात, अरे काढ!"

शॉपवर ओरडतो तसं, पोटातून. आणि उडी मारून त्यांचं कोपर धरलं आणि जीव खाऊन मागे ओढलं. ब्रेसलेट तुटलं, दाजी माझ्यासकट चिखलात बसले, दोस्ताने दचकून बटण सोडलं. विंच थांबला. हूक रुळांपासून चार बोटांवर होता.

त्यानंतर अर्धा तास सगळ्यांनी चिखलात ब्रेसलेट शोधलं. एकानेही दाजींचा हात पाहिला नाही. पाहून करणार काय? हात होता तसा होता, नुसता ओरखडा. ब्रेसलेट सापडलं, दोन तुकडे झालेलं. ते सगळ्यांच्या हातांतून फिरलं. "मेव्हण्यानं पार अरे-तुरे केलं राव," कोणीतरी मागे कुजबुजलं. दाजींनी तुकडे खिशात टाकले आणि परतीच्या वाटेवर, थेट मला संत तुकाराम नगरात सोडेपर्यंत, ते एक अक्षर बोलले नाहीत.

संध्याकाळी ताईचा फोन. "चारचौघांत त्यांना अरे म्हणालास? आणि ब्रेसलेट तोडलंस?"

मी सगळं सांगितलं. कुसळ, कडी, रूळ.

"लागलं का मग त्यांना काही?"

"नाही."

"मग?"

हात गेला असता तर मी खरा ठरलो असतो. वाचला, म्हणून मी उद्धट ठरलो. तिच्यासमोर टेबलावर ब्रेसलेटचे दोन तुकडे होते आणि माझ्याकडे न घडलेली एक गोष्ट. तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या बाईने मला राखण म्हणून पाठवलं तीच मला नीट बोलता येत नाही म्हणून झापत होती. पुढचे दोन्ही शनिवार तिचा फोन आला नाही.

भाऊबीजेला गेलो. न जाऊन कसं चालेल? ताईने पाट मांडला होता, ताटात दिवा, सुपारी, अक्षता सगळं तयार होतं. मी बसायला गेलो तर म्हणाली, "आधी बाहेर जा, त्यांची माफी माग. मग ओवाळते."

मी बाहेर आलो. आतून चडफडत होतो. दाजी अंगणात गाडीपाशी होते. हुकाला नवी लिंबू-मिरची. मी खिशातून लाल पट्टी काढली. आदल्या दिवशी चाचांकडून आणली होती. भांडण मिटो न मिटो, ही तरी बांधून जायची असं ठरवूनच आलो होतो.

"दाजी, त्या दिवशी माझं चुकलं," मी म्हणालो. शब्द खोटे होते.

ते पट्टीकडे बघत राहिले. मग घराच्या दाराकडे एकदा पाहून हळू आवाजात म्हणाले, "तू नेहमीसारखं 'दाजी, जरा' करत बसला असतास ना, तर मी आधी तुज्याकडं वळून बघितलं असतं. हात तिथंच ऱ्हायला असता."

ते आपली बोटं उघडझाप करत होते.

"आमच्या वडलांचा पंजा गेला, तवा कुट्टीचं चाक मीच फिरवत हुतो. मला कुणी ओरडून सांगितलं न्हाई." त्यांनी हुकाकडे बोट केलं. "म्हणून हूक मी दुसऱ्याला धरू देत न्हाई."

इतके दिवस मी त्याला हौस समजत होतो.

"बांध ती पट्टी," ते म्हणाले. "पण लिंबू काढू नको. आन् ह्यातलं हिच्याजवळ काय बोलू नको. चाक मी फिरवत हुतो, हे तिला ठाव न्हाई."

मी पट्टी बांधली, दोनदा ओढून पाहिली आणि आत जाऊन पाटावर बसलो. ताईने दिवा लावला, ताट उचललं आणि ओवाळायच्या आधी माझ्याकडे रोखून पाहिलं.

"मागितलीस का नीट?"

"मागितली," मी म्हणालो.