हिंदूंसाठी एकच रकाना

मार्चमधल्या एका शनिवारी दुपारी सरांनी माझ्या प्रश्नावलीतला शेवटचा प्रश्न खोडला. अमेरिकेतल्या यूटामध्ये, त्यांच्या घरी, जेवणाच्या टेबलावर. आम्ही पाच जण होतो, सगळे मराठी.

प्रश्न एका ओळीचा होता. तुमच्या कुटुंबाची जात कोणती? तो फक्त भारतीय हिंदूंना विचारायचा होता.

"अगं, हे इथे कशाला आणलंस?" सर म्हणाले. "नागपूरलाच ठेवून यायचं ना."

सगळे हसले. काकू थालीपीठ वाढत होत्या, त्याही हसल्या. मीही हसले. ते अजून खुपतं.

सर पुण्याचे. आमच्या विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवतात. मी त्यांची पीएचडीची विद्यार्थिनी. माझा इथला मुक्काम त्यांच्या सहीवर. अभ्यास असा, की मॉर्मन, म्हणजे यूटात बहुसंख्य असलेल्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची राजकीय मतं बदलताहेत का आणि बाकी धर्मांच्या लोकांच्या मानाने किती. मुलाखतींत इव्हँजेलिकल, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट पंथांची मंडळी जागची फारशी हललेली नव्हती. मॉर्मन घरांत मात्र बाप-लेकींची मतं आमच्यासमोर फुटत होती. म्हणून मॉर्मनांना आम्ही खूप विचारायचो. दर रविवारी चर्चला जाता का? तरुणपणी धर्मप्रचाराला परदेशी गेला होतात का? पिढीजात मॉर्मन की नवे? एका चर्चमध्ये किती तऱ्हेची माणसं असतात, हे सरांनीच मला शिकवलं.

हिंदूंसाठी एकच रकाना. हिंदू.

मी म्हणाले, "सर, मॉर्मन एकसारखे नाहीत म्हणून आपण विचारतो. मग हिंदू एकसारखे आहेत?"

"इथे आपल्यात कोणी मानत नाही गं." मग त्यांनी माझं आडनाव उच्चारलं. हळू, तोडून. आणि बाकीच्यांकडे बघून म्हणाले, "यांच्याकडे हे घरातच शिकवतात."

यांच्याकडे.

मी ताट उचललं. सिंकमध्ये ठेवलं. काकूंना छान झालंय म्हणाले. निघाले.

दुसऱ्या दिवशी महिन्याचा पहिला रविवार. त्या दिवशी मॉर्मन लोक दोन वेळा जेवत नाहीत. चर्चमध्ये ज्याला वाटेल तो उठून माइकवर आपली श्रद्धा सांगतो. कोणी नाव पुकारत नाही. मी परवानगी काढून मागच्या बाकावर नोंदी घेत होते.

सत्तरीच्या एक बाई उठल्या. त्यांची मुलाखत मीच घेतली होती. सून मेक्सिकोची, तिच्याकडे इथे राहण्याचे कागद नाहीत. त्या म्हणाल्या, "वडील ज्या पक्षाला मत द्यायचे, त्यालाच मी आयुष्यभर दिलं. या वेळी नाही देऊ शकले. माझी श्रद्धा आहे तशीच आहे."

पुढच्या एकाने घड्याळ पाहिलं. नंतर पार्किंगमध्ये त्यांच्याशी दोघीच बोलल्या.

"भीती नाही वाटली?" त्या दोघी गेल्यावर मी विचारलं.

"वाटली ना," त्या गाडीची किल्ली शोधत म्हणाल्या.

सोमवारी विभागात मी सरांना सगळ्यांसमोर म्हणाले, "तो प्रश्न परत घाला. नाहीतर अभ्यासातून माझं नाव काढा."

"काढतो," सर म्हणाले. "पुढच्या सेमिस्टरला दुसरा गाईड बघ."

बाहेर एक सहकारी मागे आला. "यार, एका प्रश्नासाठी? सॉरी म्हण आणि सोड ना."

मी सॉरी म्हटलं नाही.

दोन प्राध्यापकांनी जागा नाही म्हणून कळवलं. तिसऱ्या बाई ऑगस्टमध्ये भेटा म्हणाल्या. व्हिसाचं काय, ते आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात कोणी नक्की सांगत नाही.

प्रश्नावली एप्रिलमध्ये गेली. त्या प्रश्नाशिवाय. कॅम्पसवरच्या सगळ्या भारतीय विद्यार्थ्यांना आली, तशी मलाही आली. धर्माच्या जागी मी 'इतर' निवडून बौद्ध लिहिलं. शेवटी अभिप्रायासाठी मोकळी जागा होती. तिथे खोडलेला प्रश्न पूर्ण लिहिला. त्याच्याखाली माझ्या आजोबांनी सोडलेली जात लिहिली, आणि माझं पूर्ण नाव.

उत्तर नोंदवल्याची पोच त्याच दिवशी आली.